बाळंतिणीच्या घरचा डबा

मूल जन्मलं की सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे लागतात. नाक कुणासारखं, कपाळ कुणाचं, रंग आईचा की वडलांचा, अशी चर्चा सुरू होते. जिच्या पोटातून ते मूल आलं ती बाई एका कुशीवर पडून आल्यागेल्यांना हसून उत्तरं देत असते. तिच्या शरीरात त्या घडीला काय चाललंय, हे खोलीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. बाळंतिणीच्या घरी काय न्यावं, कधी न्यावं आणि तिथे जाऊन काय करावं, या साऱ्याची उत्तरं तिच्या शरीरातच आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बाळ बाहेर आल्यावर रिकामं झालेलं गर्भाशय साधारण एक किलो वजनाचं असतं. आठवड्याभरात ते निम्म्यावर येतं आणि सहा आठवडे सरता सरता शंभर ग्रॅमच्या आत. वार जिथे चिकटलेली होती तिथे आत एक मोठी जखम राहते, आणि ती भरत येईपर्यंत अंगावरून जात राहतं. साध्या बाळंतपणातही अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जातं, सिझेरियनमध्ये त्याहून जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं, गोव्यात जवळजवळ पाचांतली दोन. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे मुळातच रक्त कमी असलेली बाई आणखी रक्त गमावून, कित्येकदा पोटावर टाके घेऊन घरी येते, आणि त्याच दिवसापासून तिला दुसरं काम लागतं: दूध. पहिले काही दिवस ते थोडं असतं, पण पुढे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तिचं शरीर तयार करतं. त्यासाठी पहिले सहा महिने रोज सुमारे 600 उष्मांक आणि 17 ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2020ची शिफारस सांगते. कष्टाची कामं करणाऱ्या माणसाच्या ताटात पडावी एवढी ही वाढ आहे. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, त्यामुळे सलग तीन तास झोप मिळणं हीच मोठी गोष्ट होऊन बसते. भूक लागलेली असते, पण उठून वाढून घ्यायचं त्राण नसतं. वाढून घेतलंच तर पहिला घास तोंडाशी न्यावा तोच बाळ रडतं.

आपल्याकडे बाळंतिणीचा काळ सव्वा महिन्याचा धरतात. आयुर्वेदात सूतिकेची परिचर्या दीड महिन्याची सांगितली आहे. आजचं वैद्यकशास्त्र हाच काळ 42 दिवसांचा मानतं. हे आकडे जवळजवळ जुळतात ते योगायोगाने नाही. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात हे सूक्ष्मदर्शक नसतानाही बायकांना दिसत होतं, कारण अंगावरून जाणं कधी थांबतं, चालताना पोटाला ओढ बसायची कधी बंद होते, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या पाहत आल्या होत्या.

या सव्वा महिन्याची आपली जुनी व्यवस्था मला फार विचारपूर्वक केलेली वाटते, आणि तिचा नीट अभ्यास झाला पाहिजे असंही वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी. तिथे कुणी काय करायचं हे न बोलता ठरलेलं असे. आई स्वयंपाक आणि पथ्य बघणार. आजी किंवा थोरली काकू बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणार. सुईण किंवा न्हाऊ-माखू घालणारी बाई बाळंतिणीचं अंग रगडून कढत पाणी घालणार. धाकटी बहीण दुपटी धुवून वाळत घालणार. वडील बाजारातून खारीक, खोबरं, डिंक आणणार. शेजारणी आलटून पालटून डोकावणार, आणि येताना कुणीच हात हलवत येणार नाही. मैत्रिणी आणि नात्यातल्या बायका बाळंतविडा आणायच्या. त्यात बाळासाठी कुंची, टोपडं, झबलं, दुपटं असे. पण आईसाठीही लुगडं किंवा खण असे, आणि डिंक, खारीक, बदाम, खसखस, सुंठ, ओवा, बाळंतशोपा, हळीव यांच्या पुड्या असत. आज आपण भेट म्हणून बाळाचे कपडे आणि खेळणी नेतो. त्या कपड्यांत बाळ दीड महिन्यात मावेनासं होतं. बाळंतविड्यातला जो अर्धा भाग आईच्या पोटात जायचा, तो आपल्या हातून केव्हा सुटला हे कळलंही नाही.

पाचवीच्या पूजेकडेही मी याच नजरेने बघते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि बायकांनी रात्रभर जागायचं. या भीतीला खरं कारण होतं. अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होई, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या आसपासच डोकं वर काढी. पाचव्या-सहाव्या दिवसाची धास्ती अनेक कुटुंबांनी मूल गमावून शिकलेली होती. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे भारत 2015 साली माता-नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. सटवाईची रात्र आता भीतीची उरली नाही, पण घरात चार बायका जाग्या आहेत, आळीपाळीने बाळ घेताहेत आणि आई गाढ झोपली आहे, ही त्या रात्रीची गोष्ट मात्र आजही हवीशी आहे.

आता डब्यात काय असावं याकडे वळू. बाळंतिणीच्या आहारावर आपल्याकडे पुष्कळ श्रद्धा आहेत. त्यांतल्या काही आहारशास्त्राच्या कसोटीला उत्तम उतरतात, काही अर्धवट, आणि काही साफ चुकीच्या आहेत.

डिंकाचा लाडू घ्या. डिंक तुपात तळला की फुलतो, आणि सगळी ताकद त्याच्यातच आहे असा समज आहे. खरं तर डिंक हा मुख्यतः विरघळणारा चोथा. तो पोट साफ व्हायला मदत करतो, आणि टाक्यांच्या भीतीने शौचाला जायला घाबरणाऱ्या बाळंतिणीसाठी हे काही कमी नाही. ताकद येते ती त्याच्याबरोबरच्या तुपातून, खोबऱ्यातून, खारकेतून, बदामातून आणि गुळातून. 600 जादा उष्मांकांचा मोठा वाटा दोन-तीन लाडवांत निघून जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाडू एका हाताने खाता येतो. दुसऱ्या हातावर बाळ असताना, रात्री तीन वाजता, दिवा न लावता खाता येईल, उष्टं-खरकटं करावं लागणार नाही आणि पंधरा दिवस टिकेल, असा दुसरा पदार्थ सांगा. मात्र गरोदरपणात जिची साखर वाढली होती तिच्याकडे गुळाचे लाडू नेण्याआधी विचारावं. तिला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, तिळाची चटणी, उकडलेली अंडी जास्त उपयोगी पडतात.

हळिवाची गोष्ट वेगळी. या बारीक तांबड्या बियांत लोह भरपूर असतं, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची जोड लागते, आणि दुधातल्या कॅल्शियममुळे ते कमी शोषलं जातं. म्हणून हळीव दुधात शिजवून केलेली खीर चवीला छान असली, तरी नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून केलेले लाडू लोहासाठी बरे, आणि त्या जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असला तर आणखी बरं. जेवणावर लगेच चहा देऊ नये, तोही लोह अडवतो. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हळिवामुळे बंद करू नयेत, हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना ठासून सांगायला हवं.

शेपूची लसूण घालून परतलेली भाजी, ओवा आणि बाळंतशोपा घातलेला विडा, जिऱ्याची फोडणी दिलेली मुगाची पातळ खिचडी, सुंठ-गुळाची गोळी, मेतकूट-तूप-भात हे बाळंतिणीचं ठरलेलं जेवण. बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी. शेपू, ओवा, जिरं, बडीशेप ही एकाच कुळातली झाडं, आणि या कुळाने दूध वाढतं ही समजूत फार दूरवर पसरलेली आहे. नेदरलँडमध्ये मूल जन्मलं की पाहुण्यांना टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेल्या अनीसच्या, म्हणजे बडीशेपेच्याच कुळातल्या, गोळ्या घालून देतात. त्यामागेही दुधाचीच समजूत आहे. दूध वाढवण्याचा भक्कम पुरावा यांपैकी कशाच्याही बाजूने नाही. बाळ जितक्या वेळा ओढतं आणि स्तन जितके रिकामे होतात, तितकं दूध तयार होतं. पण या बियांनी पोटातला वायू सरतो, तोंडाला चव येते आणि जेवण जातं. जेवण गेलं की अंगात त्राण राहतं. एवढं पुरेसं आहे.

प्रांताप्रांतांचे डबे वेगळे. देशावर बाजरीची भाकरी, तूप, गूळ. कोकणात उकड्या तांदळाची पेज आणि नाचणीची आंबील. मांसाहारी घरांत पायाचं सूप. किनारपट्टीवर दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची जुनी रीत आहे. या एका पदार्थाबद्दल मात्र मी सावध करीन. मोरी ही शार्कची जात आहे, आणि शार्कसारख्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते टाळावेत असा सल्ला आज दिला जातो. बांगडा किंवा तारली आणली तर पाऱ्याची चिंता फार राहत नाही आणि बाळाच्या मेंदूला लागणारे चांगले स्निग्ध पदार्थही मिळतात.

काही गोष्टी मात्र डब्यातूनही आणि तोंडातूनही कायमच्या काढून टाकल्या पाहिजेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही चूक आहे. दूध देणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी मिळायलाच हवं. फळं थंड, डाळी वातुळ, भाज्या बाळाला बाधतात, असं म्हणत म्हणत तिला मऊ भात आणि तुपावर आणून ठेवणारी घरं आजही आहेत. बंद खोलीत शेगडी पेटवून शेक देणं आणि बाळाला धुरी देणं धोक्याचं आहे, कारण त्या धुरात विषारी वायू असतो आणि नवजात फुप्फुसांना तो सोसत नाही. पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकून देण्याची चाल तर अतिशय घातक, कारण रोगाशी लढण्याची बाळाची पहिली शिदोरी त्यातच असते. सहा महिने आईच्या दुधाशिवाय घुटी, पाणी, साखरपाणी काही नाही. मध तर वर्षभर नाही. ज्या आजीने प्रेमाने मध चाटवायला बोट पुढे केलंय तिला हे सांगणं अवघड असतं. ते सुनेवर सोडू नये. घरात आलेल्या पाहुणीने, मैत्रिणीने, नणंदेने ते बोलून घ्यावं, कारण सुनेने सांगितलं की तो वाद होतो आणि बाहेरच्या बाईने सांगितलं की ती माहिती ठरते.

दुधाबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1948 साली नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या अमेरिकी नवराबायकोने तो प्रसिद्ध केला. नाइल्स स्वतः तेव्हा बाळाला पाजत होत्या, आणि प्रयोगही त्यांच्यावरच झाला. पाजताना कधी त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, कधी एकामागून एक तोंडी गणितं घालून चुकल्यावर विजेचा हलका धक्का दिला. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन केलं. त्रास दिल्यावर बाळाला मिळालेलं दूध बरंच घटलं, आणि दूध सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं इंजेक्शन दिल्यावर पुन्हा जवळजवळ पहिल्याइतकं आलं. म्हणजे दूध तयार होतं, पण ताणामुळे ते बाहेर सोडलं जात नव्हतं. आपल्या बाळंतिणीला बर्फाच्या पाण्यात कुणी उभं करत नाही. पण दूध पुरतं का गं, बाळ बारीकच दिसतंय, आमच्या वेळी बाई आम्ही असं करायचो, ही वाक्यं पाजताना तिच्या कानावर पडतात तेव्हा तिच्या आत तेच घडतं. शांत खोली, बंद दार आणि बाहेर कुणीतरी स्वयंपाक करतंय हा विश्वास, हे दुधासाठी शेपूइतकंच, माझ्या मते शेपूहून जास्त, उपयोगी आहे.

डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1973 साली लिहिलेल्या पुस्तकात अनेक समाजांतल्या चालीरीती पाहून सांगितलं होतं, की जिथे नव्या आईचीच आई होऊन कुणीतरी तिला सांभाळतं तिथे अंगावर पाजणं टिकतं. नेदरलँडने हे काम नात्यावर सोडलेलं नाही. तिथे बाळंतिणीच्या घरी प्रशिक्षित मदतनीस आठ-दहा दिवस रोज काही तास येते. ती टाके, ताप, बाळाचं वजन बघते, पाजायला शिकवते, थोरल्या मुलाला खाऊ देते, कपडे धुण्याला टाकते आणि आलेल्या पाहुण्यांना योग्य वेळी दारही दाखवते. खर्चाचा मोठा भाग आरोग्यविम्यातून निघतो. आपण ज्याला माहेर म्हणतो ते त्या देशाने सगळ्यांसाठी विम्यात बसवलं.

ही बाब मला महत्त्वाची वाटते, कारण आपलं माहेर सगळ्यांना कधीच मिळालं नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. दिवस गेलेल्या विधवांना कोण माहेरी नेणार होतं? नातलगांनी टाकलेल्या, जीव द्यायला किंवा मूल मारायला निघालेल्या त्या बायकांना सावित्रीबाईंनी आपल्या घरात बाळंत केलं, त्यांना खाऊपिऊ घातलं, त्यांची उस्तवार केली. त्यांतल्याच काशीबाई नावाच्या बाईचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला; तो पुढे डॉक्टर झाला. बाळंतिणीला अन्न आणि आधार देण्याच्या महाराष्ट्राच्या इतिहासात याहून मोठं काम मला माहीत नाही. ज्यांना कुणीच डबा आणणार नव्हतं, त्यांच्यासाठी या नवराबायकोने घराचं दार उघडलं.

विश्रांतीचा प्रश्न पुढे कायद्यापर्यंत गेला. मुंबई विधिमंडळात 1928 साली कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला, 1961 साली देशभर, आणि 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काही मिळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईलाही नाही. तिथे नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतात, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते आणि कामावर न गेल्यास खाडा, म्हणजे दंड, लागतो. ती कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत होते आणि अंग धड सावरायच्या आत पुन्हा फडात जाते. तिला गरम भाकरी आणि कढत पाणी मिळतं ते टोळीतल्याच एखाद्या बाईकडून, जी स्वतः पहाटेपासून मोळ्या वाहून थकलेली असते. महाराष्ट्र शासनाची 2015ची अमृत आहार योजना आदिवासी भागांतल्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण देते. तेही एका अर्थी डबाच आहे, शासनाने पाठवलेला. अशा जेवणात एके दिवशी अंडं किंवा भाजी कमी पडली तर गावाने ती भरून काढावी, इतकं ते आपलं मानलं गेलं पाहिजे.

शहरातल्या सदनिकेत प्रश्न वेगळा आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्यातून सोडतात. बाळंतिणीच्या आईचे गुडघे दुखतात किंवा ती स्वतः नोकरीवर आहे. नवऱ्याला खासगी नोकरीत कायद्याने रजा नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत पहिले काही महिने तिचे आईवडील, नंतर त्याचे, अशी पाळी लागते, कारण तिथे संघीय कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. ज्यांचे आईवडील जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी तिथल्या मैत्रिणी आपसांत वार वाटून घेतात आणि दाराशी डबा ठेवून जातात. ही पद्धत पुण्या-ठाण्यातही हवी, आणि ती चालवायला फार काही लागत नाही. एका मैत्रिणीने पुढाकार घ्यायचा आणि कोण कोणत्या वारी नेणार ते ठरवायचं. तिला काय चालत नाही, साखर आहे का, घरात आणखी कोण जेवायला आहे, हे एकदाच आणि नवऱ्याला विचारायचं. दहा जणींनी दहादा तिला फोन केला तर ती मदत राहत नाही.

डबा साध्या, परत न करावा लागेल अशा भांड्यातून न्यावा. त्यात दोन वेळचं असावं: मुगाची खिचडी किंवा वरण, एक भाजी, पोळ्या किंवा भाकरी, कोशिंबीर वेगळी, आणि रात्रीसाठी लाडू किंवा थालीपीठ. फार तिखट नको, पण अळणीही नको. ती आजारी नाही. घरात थोरलं मूल असेल तर त्याच्यासाठी वेगळा खाऊ त्याच्या हातात द्यावा, कारण त्या दिवसांत सगळे बाळाला भेटायला येतात आणि ते दाराआडून बघत असतं. घरात शिरल्यावर हात स्वच्छ धुवावे, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये, बाळाचा मुका घेऊ नये. बसलात तर चहा आपण करावा आणि कपही आपणच विसळावे. वॉशिंग मशीनमधले कपडे वाळत घालावे, गॅसचा सिलिंडर लागला आहे का बघावं, पाण्याची बादली उचलून द्यावी, कारण पोटाला टाके असलेल्या बाईने बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. मी बाळ सांभाळते, तू काम कर, असं कुणी म्हणालं तर ती मदत उलटी आहे. बाळ तिच्यापाशी राहू दे, काम दुसऱ्याने करावं. किंवा तिने झोपावं आणि बाळाला दुसऱ्याने धरावं.

येणाऱ्या बाईने डोळेही उघडे ठेवावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. त्याच वाटेने आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांच्या भेटींच्या मधल्या दिवसांत डबा घेऊन येणारी बाईच घरात असते. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतकं रक्त जाणं, ताप, घाण वास, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, पोटरीला सूज आणि दुखणं, छातीवर लाल कढत गाठ, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. बाळ पिवळं, सुस्त किंवा प्यायला उत्सुक नसेल तरीही नाही. गाडी काढावी, नाहीतर 108ला फोन करावा.

मनाचं दुखणं ओळखायला जास्त वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणं बहुतेकींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पण ते ओसरलंच नाही, बाळ झोपलं असताना तिलाही झोप येत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, माझ्यावाचून सगळ्यांचं बरं होईल असं ती बोलत असेल, तर ते दुखणं आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य असल्याचं आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी झाली म्हणून घरातली नाराजी ही त्यामागची ठळक कारणं होती. पुढे गोव्यातच गावातल्या सामान्य बायकांना शिकवून अशा आयांशी बोलायला पाठवलं गेलं. 280 स्त्रियांच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2019 साली आले, आणि सहा महिन्यांनी त्या गटात नैराश्यातून बाहेर आलेल्या आयांचं प्रमाण जास्त होतं. बोलणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. त्या ऐकून घ्यायला शिकलेल्या होत्या. औषधाची गरज असेल तिथे डॉक्टर हवेतच. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा फोन रात्रीही चालतो.

सहा ते आठ आठवडे, हा काळ पुन्हा बघा. बारसं झालेलं असतं, घुगऱ्या वाटून झालेल्या असतात. सव्वा महिना संपला म्हणून मावशी आपल्या घरी गेलेली असते, लाडवांचा डबा तळाला लागलेला असतो, नवरा कामाला रुजू झालेला असतो. आता काय, सगळं सुरळीत झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. बाळाचं संध्याकाळचं रडणं साधारण याच आठवड्यांत सर्वांत जास्त असतं, आणि बाई घरात दिवसभर एकटी असते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये. मैत्रिणींमध्ये वार वाटताना दोघीतिघींनी मुद्दाम मागे राहावं आणि याच आठवड्यांत जावं. डब्यात साधी आमटी-भात चालेल. संध्याकाळी पाचला पोचावं, बाळ खांद्यावर घेऊन खाली अंगणात किंवा गच्चीत चक्कर मारावी, आणि तिला तासभर आंघोळ आणि झोप मिळू द्यावी. उठल्यावर ती जे बोलेल ते ऐकायला पुरेसा वेळ हाताशी ठेवून जावं.